बोर्ड घ्यायचा राहिला होता

६ एप्रिल, अकोला

ज्वारीचं पीठ परातीत काढून ठेवलं होतं. कूलरच्या टाकीत बोअरची नळी सोडली होती आणि टाकी भरेपर्यंत मी अंगण झाडून घेत होते. सकाळचे आठही वाजले नव्हते, पण अंगणात शिंपडलेलं पाणी पाहता पाहता वाळत होतं. आतून आवाज आला, "माया, लाईन गेली काय?"

लाईन गेली नव्हती. कूलर फिरत होता, फ्रिज गुरगुरत होता. फक्त त्यांचं मशीन बंद पडलं होतं. मी पदराला हात पुसत आत गेले, तर ते कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून, गुडघ्यावर बसून, आत टॉर्च मारून पाहत होते. मदरबोर्डवर जिथे हवा लागते तिथे पांढरा थर बसला होता. आमच्या बादल्यांना, नळांना, मोरीतल्या फरशीला बसतो तसाच. त्यांनी बोटाने थोडा खरवडला, जिभेला लावला आणि म्हणाले, "खारं आहे."

मला हसू आलं. मग त्यांनाही आलं. बोर्ड मेला होता आणि आम्ही दोघं फरशीवर बसून हसत होतो.

हे गेल्या वर्षीच्या मे महिन्यातलं. आज आठवलं, कारण दुपारी मी यंदाच्या उन्हाळ्यासाठी कूलरच्या जाळ्या धुतल्या. नवऱ्याचं नाव वहीत लिहिते, तोंडाने कधी घेतलं नाही: धर्मपाल. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. नोकरी सुटल्यावर कॉम्प्युटर पळवायचा छंद लावून घेतला. पळवायचा म्हणजे कंपनीने प्रोसेसरला जो वेग ठरवून दिला, त्याच्यापुढे न्यायचा. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पळवला की तो तापतो. तापतो म्हणून यांच्या अमरावतीच्या दोस्ताने, खुशालरावांनी, सल्ला दिला की मशीन कूलरसमोर ठेव, मी तसंच ठेवतो. यांनी ठेवलं. अमरावतीला धरणाचं गोड पाणी. आमचा हा खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारं. प्यायचं पाणी नळाला येतं तेव्हा येतं, कूलरमध्ये बोअरचंच घालावं लागतं. हवेबरोबर मीठही उडत होतं हे दोन उन्हाळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढे दिवाळीत त्यांनी नवीन प्रोसेसर घेतला. बोर्ड घ्यायचा राहिला. जानेवारीत ते गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं.

संध्याकाळी धम्मदीपचा पुण्याहून फोन आला. "आई, तो प्रोसेसरचा डबा अजून कपाटातच आहे ना? दर महिन्याला त्याचा भाव पडतो. ऑफिसात एक जण घ्यायला तयार आहे. बुद्धपौर्णिमेला येतो, तेव्हा घेऊन जातो."

मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, बरं काहून म्हटलं?

९ एप्रिल

डबा काढला. स्वेटरच्या घडीत ठेवला होता. आत एवढीशी चौकोनी वस्तू, वरून चांदीसारखी, खालून बारीक सोनेरी ठिपके. त्यासाठी इतका मोठा डबा! डब्यावर लिहिलं आहे की बाराव्या पिढीचा आहे. म्हणजे बारावी पास. मी सातवीत शाळा सोडली. घरात माझ्यापेक्षा जास्त शिकलेला आहे आणि नुसता झोपून आहे.

हा विकून टाकला तर नुकसान काहीच नाही, हे मला कळतं. मला मशीन लागतं ते रेकॉर्डिंग साफ करायला. अमरावतीला चारुशीलाबाई आहेत. त्यांना दिसत नाही, पण न दिसणाऱ्या मुलामुलींसाठी त्या बोलत्या पुस्तकांचं वाचनालय चालवतात. मी त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. सातवीनंतर जे काही शिकले ते वाचूनच शिकले, मग दुसऱ्याला वाचून दाखवायला काय हरकत. सध्या नद्यांवरचं एक जाड पुस्तक चालू आहे. बोर्ड मेल्यापासून मोबाईलवरचं रेकॉर्डिंग साफ न करता तसंच पाठवते, त्यात भाजीवाला सहदेव, कुत्री, शेजारचा मिक्सर, सगळे येतात. चारुशीलाबाई म्हणतात, "मायाताई, पूर्णा नदी ऐकता ऐकता आमच्या पोरी वांग्याचा भाव पाठ करून राहिल्या."

पूर्वी मी वाचायला बसले की ते मशीन बंद करायचे, कारण पंखा फार आवाज करायचा. मग ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. सहदेवची गाडी दिसली की हाताने खूण करायचे, पुढे जाऊन ओरड. मी आतून वाचायची. त्यांना ऐकू यायचं का, कधी विचारलं नाही.

डिसेंबरात एकदा मी मेथी निवडत होते, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "नवीन मशीन हळू बोललं त चालन का तुले, का पुरं गप्पच पाहिजे?" मी म्हटलं, "गप्पच बरं. पण तुमी तुमचा खेळ खेळा ना, मी काय, मोबाईलवर भागवते." ते मेथी निवडू लागले, आणि अर्धे देठ पानांत टाकले.

धम्मदीप लॅपटॉप घेऊन द्यायला तयार आहे. चांगला मुलगा आहे.

१४ एप्रिल

जयंती. पांढरी साडी नेसून सकाळी चौकात वंदनेला गेले. यंदा एकटी. बायकांनी मध्ये उभं केलं, कुणी काही विचारलं नाही, हे बरं झालं. घरी येऊन खीर केली, सवयीने दोन वाट्यांत काढली.

खुशालरावांचा फोन. दरवर्षी ते यांना करायचे, आज मला केला. "जय भीम, वहिनी! खीर केली का नाही?"

मी म्हटलं केली. मग एकदम विचारून टाकलं की त्या प्रोसेसरला बोर्ड कोणता घ्यायचा. ते चमकले. मग म्हणाले, "कोण, तुमी घेता?"

"काहून, मी घेतला त करंट मारन काय?"

"बाप्पा! तसं नाही वहिनी." आणि मग त्यांना इतका आनंद झाला की खोकलाच आला. "बीवाला घ्या. डोळे मिटून घ्या. झेडवाल्याच्या नादी लागू नका, तो नुसता पैसा खाते. माह्या मशीनमध्ये बीच आहे, पयते का नाही धडाधड?"

बी आणि झेड ही चिपसेटची नावं आहेत एवढं मला ठाऊक होतं. चिपसेट म्हणजे बोर्डावरचं एक्स्चेंज. कुणाची लाईन कुणाला जोडायची, कुणाला किती मोकळीक द्यायची, ते ठरवणारा. हे यांनीच एकदा जेवताना सांगितलं होतं. तेव्हा मी हूं म्हटलं होतं. आज वाटतं, दोन प्रश्न विचारले असते तर किती खूश झाले असते.

खुशालरावांना विचारलं, यांना काय करायचं होतं नेमकं. म्हणाले, "पाच! त्याले पाच पाहिजे होतं, वहिनी. जुनं मशीन पाचाले कधी शिवलं नाही. माहंबी नाही शिवलं. आमच्या दोघाईत पैज होती, पयले पाच गिगाहर्ट्झ कोण गाठते."

दोन म्हातारी माणसं आणि पैज ही.

१७ एप्रिल

तीन दिवस वाचत आहे. कंपनीची माहिती इंग्रजीत आहे. शब्दकोश मांडीवर ठेवला. धम्मदीपच्या शाळेतल्या पुस्तकांवर इंग्रजी शिकले तेव्हाही असंच, एक पान एका संध्याकाळी. आता वेळ भरपूर आहे.

कळलं ते असं. आपल्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी के आहे. के म्हणजे याचं कुलूप उघडण्यासारखं आहे. पण एका किल्लीने उघडत नाही. बँकेच्या लॉकरसारखं आहे, एक किल्ली आपली आणि एक बँकेची. दुसरी किल्ली बोर्डाच्या चिपसेटकडे असते. खुशालरावांचा प्रोसेसर दुसऱ्या कंपनीचा. त्या कंपनीने बीलाही किल्ली दिली आहे. आपल्या कंपनीने ती फक्त झेडला दिली. बीमध्ये मेमरीचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. बीवर बसवला तर हा चार पॉइंट नऊपर्यंत स्वतःच्या मनाने पळेल आणि तिथे थांबेल. चालेल उत्तम. जन्मभर कुणाला काही उणं दिसणार नाही. पण पाच नाही.

हे मी तीनदा वाचलं, कारण मला वाटलं माझीच काही चूक असेल. खुशालराव इतकी वर्षं हेच करत आहेत, मी काल हातात शब्दकोश घेतला. चौथ्यांदा वाचलं. चूक नाही.

मग लक्षात आलं की कूलरचंही असंच झालं होतं. सल्ला खोटा नव्हता. अमरावतीच्या पाण्यासाठी तो बरोबर होता.

२० एप्रिल

खुशालरावांना सांगायचं की नाही, हा दोन दिवस विचार. माणूस जिवाला जीव देणारा, यांच्या अंत्ययात्रेत खांदा दिलेला. शेवटी सरळ सांगितलं. बोर्डाचं तेवढंच, कूलरचं नाही.

ते म्हणाले, थांबा. चष्मा शोधला, फोन तसाच चालू, मागे त्यांच्या सुनेचा आवाज, "बाबा, पोळी थंडी होऊन राहिली." बऱ्याच वेळाने परत आले. "वहिनी, तुमचं खरं आहे." मग हसले. मग हसायचे थांबले. "कूलरचंबी मीच सांगतलं होतं त्याले."

मी म्हटलं, "हो. आमी लय हसलो होतो त्या दिवशी. मीठ चाटून पाह्यलं त्याईनं."

"चाटून?"

"मंग. खारं आहे म्हणे."

ते परत हसले, आणि यावेळी बरं हसले. म्हणाले शुक्रवारी अमरावतीला या, दुकानात मी येतो, पण तिथे बोलायचं तुम्ही, मी नाही.

२५ एप्रिल

सकाळच्या एसटीने अमरावती. मूर्तिजापूरच्या पुढे खिडकीतून येणारी हवा चटके द्यायला लागली. खुशालराव स्टँडवर उभे, डोक्याला पांढरा रुमाल. आधी गिला वडा खाऊ घातला, म्हणाले धर्मपाल आला की पहिलं काम हेच.

राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत नितेशचं दुकान आहे. नितेश चाळिशीचा, गळ्यात स्क्रू ड्रायव्हर अडकवलेला. मला पाहून उभा राहिला. "काकू, या. काकांचं समजलं तेव्हा मी नागपूरले होतो, येता नाही आलं."

मी झेडचा बोर्ड मागितला. त्याने एक काढला, लाल दिवे लागणारा, लग्नाच्या मांडवासारखा. मी म्हटलं, जुन्या मशीनची मेमरी डीडीआर फोर आहे, तीच वापरायची आहे. त्याने डबा उलटून पाहिला आणि जीभ चावली. "हा फाइव्हचा आहे. बसणार नाही. बरं झालं बोलल्या." खुशालराव एका स्टुलावर बसून छताकडे पाहत होते, आपण बोलायचं नाही हे पाळत होते, पण चेहरा असा की मुलगी पास झाली.

मग नितेशने चांगलं समजावलं. झेड हे अक्षर एकटं पुरत नाही. प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग बोर्डावर असतात, पळवलं की तेही तापतात; त्यांच्यावर ॲल्युमिनियमचे जाड ठोकळे हवेत. दिवे नसले तरी चालतील. तसा एक आहे, जुन्या मेमरीचा, पण नागपूरहून मागवावा लागेल. जुना पंखा नवीन बोर्डावर बसवायला एक पट्टी लागते, ती तो देईल.

पैसे देताना तो म्हणाला, "काका दोनदा आले होते यासाठी. दिवाळीनंतर आले त हाच, झेडवाला, पाहून गेले. डिसेंबरात परत आले आणि म्हणे बीचं सांग. मी म्हटलं, काका, के घेऊन बी काहून घेता? म्हणे मले आता पळवायचं नाही, पंखा हळू फिरला पाहिजे. मले काही समजलंच नाही."

मलाही समजलं नाही. मशीनचं वेड असलेला माणूस, दिवाळीला के घेतो आणि नाताळात बी मागतो. पैशाचा विचार केला असेल. नाहीतर तेव्हापासूनच छातीत बरं वाटत नसेल आणि मला सांगितलं नसेल. हे दुसरं मनात आलं आणि परतीच्या एसटीत तेच घोळत राहिलं. बडनेरा गेलं तेही कळलं नाही.

३ मे

पारा पंचेचाळीसवर. कावळेसुद्धा ओरडत नाहीत.

आज खरं लिहिते. मी हे कशासाठी करत आहे? मला वेगाची गरज नाही. माझा आवाज साफ करायला बीसुद्धा जास्त आहे, लॅपटॉप पुरेल. स्वतः यांनीच शेवटी बी घ्यायचं ठरवलं होतं. मग मी कुणाची इच्छा पुरी करते आहे? दिवाळीतल्या माणसाची की डिसेंबरातल्या?

शेजारच्या तानुबाई पापड लाटायला आल्या होत्या, त्यांना विचारलं. त्यांना कॉम्प्युटरातलं काही कळत नाही म्हणूनच विचारलं. म्हणाल्या, "तुले पाहाचं आहे का नाही ते पाच का काय ते?"

मी म्हटलं, "आहे."

"मंग पाह्य ना बाई. त्याच्यात इचार काय करून राहिली? तो पापड पाह्य, सरकव, वाऱ्यानं उडून राहिला."

बोर्डाचा निरोप नाही अजून.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. धम्मदीप पहाटेच्या गाडीने आला. वंदना झाली, खीर झाली. त्याने कपाट उघडलं, डबा तिथे नव्हता.

"आई, प्रोसेसर?"

मी आतल्या खोलीत नेऊन दाखवलं. टेबलावर मशीनचं जुनं कॅबिनेट पुसून ठेवलेलं, शेजारी नवीन बोर्ड. काल संध्याकाळी एसटीच्या पार्सलने आला. नितेशने डब्याला तीन वेळा चिकटपट्टी लावली आहे.

तो डब्यावरचं वाचत उभा राहिला. "झेड? आई, तू ओव्हरक्लॉकिंग करणार?"

"हो."

"कशाला पण?"

मी म्हटलं, "दोन किल्ल्या लागतात आणि एक आपल्याकडे आहे, म्हणून."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. खाली बसला आणि बोर्ड उचलून पाहू लागला. म्हणाला, "बाबांनी मला कधी हात लावू दिला नाही या सामानाला. म्हणायचे, घाम येतो तुझ्या हाताला."

"मलाही नाही. फडकं मारायचीसुद्धा बंदी."

हात धुतले, पुसले, पंख्याखाली वाळवले. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर सोन्याचा त्रिकोण असतो, तो बोर्डावरच्या खुणेशी जुळवायचा आणि हलकेच ठेवायचा, दाबायचं नाही. धम्मदीपने ठेवला. वरची पट्टी मी ओढली. करकर आवाज झाला तेव्हा आम्ही दोघांनी श्वास धरला. वाचलं होतं की तो आवाज होतोच, तरीही.

दुपारभर चाललं. पंख्याची पट्टी उलटी लावली, काढली, परत लावली. चालू केलं तेव्हा पडद्यावर अक्षरं आली. धम्मदीप म्हणाला, "आलं." आणि पाणी प्यायला उठला तो बराच वेळ आलाच नाही. मी गेले नाही मागे.

मग ऑफिसातल्या माणसाला त्याने मेसेज केला की प्रोसेसर विकायचा नाही. मला वाचून दाखवला.

मशीन कूलरच्या खोलीत ठेवलं नाही. आतल्या खोलीत आहे. गरम आहे, पण कोरडं आहे.

२१ मे

खुशालराव रोज विचारतात, पाच झालं का. मी सांगितलं, नाही. खोलीत पंखा लावूनही घाम ठिबकतो, त्यात त्याला पळवायचं म्हणजे मे महिन्यात बैल शर्यतीला काढण्यासारखं. थंडी पडू दे.

"धर्मपालनं ऐकलं नसतं, वहिनी."

"म्हणून तर मीठ बसलं."

"आता हे तुमी जन्मभर ऐकवणार काय मले?"

"जयंतीच्या जयंतीले ऐकवीन. तुमी खीर खाऊन ऐका."

साध्या वेगावर मशीन इतकं गप्प आहे की चालू आहे का ते दिवा पाहून कळतं. नद्यांच्या पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं नव्याने वाचून पाठवली. चारुशीलाबाईंचा निरोप: "वांगे गेले. पोरी विचारतात, भाव काय चालू आहे आता?"

१९ ऑगस्ट

नद्यांचं पुस्तक संपलं. कवितांचं एक सुरू केलं. बरं चाललं आहे. जेवण जातं, झोप लागते. कधी कधी कुकरची शिट्टी मोजायला कुणी नाही म्हणून भात करपतो, एवढंच.

३० नोव्हेंबर

पहिली शाल काढली. खुशालरावांचा मेसेज, नुसता आकडा: ५.

मी लिहिलं, अजून नाही. जानेवारीत. त्यांना कळलं, परत विचारलं नाही.

२५ जानेवारी

काल वर्ष झालं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजी आले होते, धम्मदीप आला होता, गल्लीतले सगळे. खुशालराव आदल्या दिवशीच आले आणि धम्मदीपबरोबर सतरंज्या टाकत होते. मी सगळ्यांना वाढलं आणि मला थकवा आला नाही, याचं मलाच नवल वाटलं.

आज सकाळी पाहुणे गेले. थंडी चांगली होती, श्वासाची वाफ दिसत होती. आतल्या खोलीची दोन्ही दारं, खिडकी उघडली. खुशालराव शाल गुंडाळून स्टुलावर, धम्मदीप माझ्यामागे उभा, खुर्चीवर मी.

मशीन सुरू होताना एक बटण दाबलं की आतलं पान उघडतं. तिथे एक आकडा असतो, त्याला शंभराने गुणलं की वेग. बी बोर्डात तो आकडा वर सरकवायला गेलं तर सरकत नाही. मी पन्नास लिहिलं. राहिलं तसंच, नाही म्हटलं नाही. थोडी वीज वाढवली, खुशालरावांनी सांगितली त्यापेक्षा कमी.

चालू झालं. मग त्याला राबवणारा प्रोग्राम लावला. पंखा हळूहळू उठला आणि जिनिंगच्या कारखान्याजवळून जावं तसा घुमायला लागला. पडद्यावर पाच हजार, म्हणजेच पाच गिगाहर्ट्झ. एक मिनिट, पाच मिनिटं, पंधरा मिनिटं. खाली आलं नाही.

वळून पाहिलं तर खुशालराव रुमालाने चष्मा पुसत होते. "गाठलं गड्यानं," म्हणाले. "हरलो मी पैज."

धम्मदीप म्हणाला, "आई, अजून?"

एक्कावन्न लिहिलं. तेही चाललं. बावन्न लिहिलं तर पडदा निळा होऊन मशीन थिजलं, आणि आम्ही तिघंही एकदम "अरे!" म्हणालो, जसं पोरगं खांबावरून घसरावं. परत एक्कावन्न केलं. उभं राहिलं.

मग चहा केला. पंखा तसाच ओरडत होता. त्या आवाजात एकमेकांशी मोठ्याने बोलावं लागत होतं, पूर्वी बोलायचो तसं. आम्ही एवढे ओरडून बोलायचो हे मी विसरून गेले होते. दोघं स्टँडवर गेल्यावरही मी मशीन बंद केलं नाही. स्वयंपाक केला, भांडी घासली, आतून तो आवाज येत होता. संध्याकाळी उशिरा बंद केलं.

२७ जानेवारी

काल सकाळी मी तो आकडा होता तिथे आणून ठेवला. मशीन गप्प झालं, मेथी निवडताना मी यांच्याकडे मागितलं होतं तसं. दार लावून घेतलं आणि कवितांच्या पुस्तकाचं पुढचं पान वाचायला बसले. मध्येच सहदेव भाजीवाला ओरडला. तो पुढे जाईपर्यंत थांबले आणि ती ओळ पुन्हा वाचली.